वादळ दिसत होतं, तरी विमान उडालं

११ एप्रिल १९९६ ची सकाळ. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं शायेन विमानतळ. पाऊस सुरू झालेला, विजा चमकतायत, वारा जोरात. अशात चार आसनांचं छोटं सेस्ना विमान उडालं आणि काही क्षणांतच जवळच्या वस्तीत एका घरापुढे कोसळलं. आत तिघं होते: सात वर्षांची जेसिका डबरॉफ, तिचे वडील आणि विमान शिकवणारे प्रशिक्षक. कुणीच वाचलं नाही.

विमानाने अमेरिका ओलांडणारी सगळ्यात लहान मुलगी म्हणून जेसिकाची बातमी तेव्हा टीव्हीवर गाजत होती. कायद्याने मात्र ती वैमानिक नव्हतीच, विमानाची जबाबदारी प्रशिक्षकांची होती. आणि सर्वांत लहान वैमानिकाचा विक्रम नोंदवणं गिनीज बुकाने आधीच बंद केलं होतं, कारण त्यात जिवाला धोका. म्हणजे विक्रम फक्त बातम्यांपुरता!

आता विमान पडलं कसं ते पाहू. शायेन सहा हजार फुटांहून उंचावर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. त्यात विमानात मर्यादेपेक्षा ९६ पौंड, म्हणजे सुमारे ४३ किलो, वजन जास्त होतं. वादळाजवळ वाऱ्याची दिशा आणि वेग एकाएकी बदलतात. अशा वेळी विमानाचा वेग फार कमी झाला, की पंखांवरून हवा नीट वाहत नाही आणि उचल एकदम जाते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. पुष्कळांना वाटतं स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं. तसं नाही, इंजिन चालू असतं, पंख काम करत नाहीत. उंचावर असलं तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. जमिनीलगत तेवढी जागाच नसते.

चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने दोष नुसत्या हवामानावर टाकला नाही. बिघडत्या हवामानात, जास्त वजन घेऊन उड्डाण करण्याचा प्रशिक्षकांचा निर्णय चुकीचा, असं त्यांनी लिहिलं. घाई का झाली, तेही लिहिलं: प्रवासाचं वेळापत्रक फार ताणलेलं होतं आणि त्यामागे काही अंशी टीव्ही-वर्तमानपत्रांना दिलेल्या वेळा होत्या. मला हे वाक्य सगळ्यात जास्त टोचतं. सात वर्षांच्या लेकरासाठी कॅमेरे थांबले असते की!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला. विक्रमासाठी उड्डाण असेल, तर परवाना नसलेल्याच्या हाती विमान देता येत नाही.