दाढीच्या ब्रशाचे केस कोणाचे?

घाटंजीतील एखाद्या केशकर्तनालयात गेलात, तर दाढीचा ब्रश नीट पाहा. फेस करणे एवढेच त्याचे काम नव्हे. दाढीचे केस केराटिन या प्रथिनाचे असतात. पाणी शोषून ते मऊ होतात व सहज कापले जातात. हे पाणी ब्रशाच्या केसांमधील बारीक फटींत केशाकर्षणाने साठते.

याबाबत बॅजर या प्राण्याच्या केसांचे महागडे ब्रश नावाजलेले आहेत. परंतु पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) हे केस दुर्मिळ झाले, तेव्हा घोड्याचे केस रंगवून ‘बॅजर’ म्हणून खपवले गेले. त्यांतील काही केस निर्जंतुक केलेले नव्हते. परिणामी ब्रिटन व अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना काळपुळी, म्हणजेच अँथ्रॅक्स झाला, काही दगावले.

मग पारख कशी करावी? ब्रशातून गळालेला एक केस चिमट्यात धरून, मोठ्यांच्या देखत जाळा. जळक्या पिसासारखा वास आला, तर तो प्राण्याचा. वितळून गोळी झाली, तर नायलॉनचा. मात्र घोडा की बॅजर, हे या परीक्षेने कळत नाही!

म्हणून नावाला भुलू नका. दाट, मऊ टोकांचा नायलॉनचा ब्रशही फटींत पुरेसे पाणी धरतो, आणि त्यासाठी कोणत्याही प्राण्याचा जीव जात नाही.