बंद पडतो ब्राउझर, बिघडलेलं असतं दुसरंच

२३ मार्च २०२१, मंगळवारची सकाळ. अँड्रॉइड फोनवर जीमेल उघडायचं आणि डोळ्यांदेखत मिटायचं. इतरही बरीच अ‍ॅप तशीच. लोकांनी फोन बंद करून चालू केले, अ‍ॅप काढून पुन्हा टाकली, जीमेलला बोल लावला. जीमेल बिचारं निर्दोष होतं. दोष होता ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ या घटकात, आणि ते नाव बहुतेकांनी त्याआधी ऐकलंही नव्हतं.

एखाद्या अ‍ॅपमध्ये वेबपान दाखवायचं असेल, तर ते काम वेबव्ह्यू करतो. फोनमधला हा बिनचेहऱ्याचा ब्राउझर. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून त्याचे अपडेट प्ले स्टोअरमधून येऊ लागले. सातव्या ते नवव्या आवृत्तीच्या काळात तर हे काम खुद्द क्रोमच करत असे. त्या मंगळवारी सॅमसंगच्या अमेरिकेतल्या मदत विभागाने ‘वेबव्ह्यूचा अपडेट काढून टाका’ असा तोडगा सुचवला. काही तासांत गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोम या दोन्हींची ८९.०.४३८९.१०५ ही आवृत्ती आणली. ती घेतली की फोन ताळ्यावर.

तेव्हापासून अशा तक्रारींकडे बघायची एक सोपी रीत सांगता येते: जे बंद पडतंय तेच बिघडलंय, असं आधीच धरून चालू नये.

भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीचंच घ्या. चैत्र अमावास्येच्या यात्रेला देवीच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत सगळ्यांचे फोन त्याच दोन-चार टॉवरवर लोंबकळतात. पान उघडत नाही, चक्र नुसतं गरगरत राहतं. याला कोणी ‘क्रोम क्रॅश झाला’ म्हणतं, पण क्रोम जिवंत आहे. त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. १३ मे २०२५ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला. अशा दिवशी सगळे पालक एकाच वेळी एकाच संकेतस्थळावर धडकतात. तिथं पान अडलं तर ती गर्दी सर्व्हरवरची. आपल्या फोनमधली कॅशे कितीदाही पुसली, तरी त्या सर्व्हरला त्याचं काय?

खरा क्रॅश वेगळा दिसतो. पान वाचता वाचता ब्राउझर नाहीसा होतो आणि समोर फोनची होम स्क्रीन येते. किंवा ब्राउझर राहतो आणि फक्त ते पान पडतं. मग क्रोम ‘ऑ, स्नॅप!’ असं दाखवतो. पहिल्या प्रकारात सगळा ब्राउझर गेला, दुसऱ्यात एकच टॅब. दुरुस्तीच्या दुकानात हा फरक सांगितला, तर निम्मं काम तिथंच होतं.

दोन्हींमागे बहुतेक वेळा रॅम असते. जाहिराती, आपोआप चालणारे व्हिडिओ यांनी आजची पानं जड झाली आहेत. शिवाय एका साइटने दुसरीत डोकावू नये म्हणून क्रोम त्यांना वेगवेगळ्या प्रक्रियांत ठेवतो. २०१९पासून अँड्रॉइडवरही, पासवर्ड टाकून उघडणाऱ्या साइटसाठी, तो हे करू लागला. सुरक्षा वाढली आणि मेमरीचा खर्चही. रॅम कमी पडली की अँड्रॉइड स्वतःच पडद्यामागची अ‍ॅप मारायला सुरुवात करतो.

याचा सगळ्यात वाईट फटका फॉर्म भरताना बसतो. सप्टेंबर २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा घरोघरी बायका फोन घेऊन बसल्या. आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी मागवायचा, तो बघायला मेसेजमध्ये जायचं आणि परत यावं तर फॉर्म कोरा! साइट चालत नाही म्हणून तिला शिव्या. कधी चूक साइटची असेलही, पण दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर घडतं ते असं: आपण मेसेजमध्ये गेलो तेवढ्यात क्रोम मागे पडला, जागा हवी म्हणून अँड्रॉइडने त्याला उडवला आणि परतल्यावर पान नव्याने लोड झालं. उपाय साधा आहे. फॉर्म भरण्याआधी बाकीची अ‍ॅप बंद करावीत आणि ओटीपी वरून खाली ओढायच्या सूचनापट्टीतच वाचावा. ब्राउझर सोडायचाच नाही.

टॅबचंही तेच. शंभर टॅब झाले की अँड्रॉइडवरचा क्रोम आकडा दाखवणं सोडून देतो आणि चौकोनात हसरा चेहरा काढतो. हसू क्रोमला येतं, फोनला नाही.

एवढं करूनही बंद पडत असेल, तर गुन्हेगार हुडकायला लागावं. एकच साइट पाडते का? तीच साइट इनकॉग्निटोमध्ये उघडून बघावी. तिथं नीट चालली तर दोष साठलेल्या कॅशेत किंवा कुकीत. मग दुसरा ब्राउझर. पण ब्रेव्ह, एज, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हे सगळे क्रोमच्याच क्रोमियम कुळातले, त्यामुळे तिथंही तोच दोष निघू शकतो. खरी परीक्षा फायरफॉक्सवर होते, कारण त्याचं इंजिन स्वतःचं आहे. आयफोनवर ही युक्ती चालत नाही. भारतातल्या आयफोनवर कुठलाही ब्राउझर घ्या, आत ॲपलचं वेबकिटच असतं.

सगळ्याच साइट पडत असतील, तर फोनमधली मोकळी जागा बघावी. ‘शुभ सकाळ’च्या फुलांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी फोन गळ्यापर्यंत भरला असेल, तर ब्राउझरला तात्पुरत्या फाइल लिहायलाही जागा उरत नाही. मग सेटिंग्जमध्ये क्रोमच्या माहितीत जाऊन कॅशे पुसावी. तिथं दोन बटणं शेजारी शेजारी असतात आणि लोक गडबडीत भलतंच दाबतात. कॅशे पुसल्याने काही बिघडत नाही. स्टोरेज पुसलं, तर गूगल खात्यात सिंक नसलेले बुकमार्क आणि उघडे टॅब जातात, लॉगिनही पुन्हा करावं लागतं. फोन फॉरमॅट करण्याचा सल्ला सगळीकडे सर्रास मिळतो. एका कुकीपायी कोणी घरातले सगळे फोटो पणाला लावू नयेत.

उरतं फोनचं वय. क्रोम १३८ ही अँड्रॉइडच्या आठव्या आणि नवव्या आवृत्तीवर चालणारी शेवटची. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १३९ला निदान अँड्रॉइड १० लागतं. त्याहून जुनं अँड्रॉइड असलेल्या फोनवर क्रोम उघडतो, पण त्याच्या दुरुस्त्या थांबलेल्या असतात. काही जुन्या फोनवर अजून यूसी ब्राउझर सापडतो. २९ जून २०२०ला केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यातलाच तो. तो असेल तर काढून टाकावा आणि अँड्रॉइडची आवृत्ती ‘अबाउट फोन’मध्ये बघून, तिला चालेल असा ब्राउझर प्ले स्टोअरमधूनच घ्यावा.