एअर टॅक्सी आणि खाली राहणारी माणसं

एअर टॅक्सी म्हणजे काय हे आपल्या हॉस्टेलवर सांगायची गरज नाही. विजेवर चालणारं, हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठून पुढे विमानासारखं जाणारं छोटं यान. बॅटरी आणि रेंजवर मेसमध्ये तासन् तास वाद होतात. आवाजाचा विषय मात्र "इलेक्ट्रिक आहे ना, मग आवाज कसला?" एवढ्यावरच मिटतो.

पण लांबून ऐकू येणारा हेलिकॉप्टरचा फटफटाट हा मुख्यतः पात्यांचा असतो. पात्याच्या टोकाचा वेग थोडा वाढला तरी आवाज कितीतरी वाढतो. म्हणून एका मोठ्या रोटरऐवजी हळू फिरणारे अनेक छोटे प्रॉपेलर लावतात. कॅलिफोर्नियाच्या जॉबी कंपनीच्या यानाला असे सहा आहेत. नासाबरोबर केलेल्या मोजणीचे आकडे कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केले: ५०० मीटर उंचीवरून जाताना ४५ डेसिबल, आणि उडताना-उतरताना १०० मीटरवर ६५ पेक्षा कमी. ६५ म्हणजे समोरासमोर गप्पा मारण्याएवढा आवाज. इंजिनिअरिंग म्हणून मी तर सलामच करतो.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. समजा तुमची खिडकी तळापासून १०० मीटरवर आहे आणि प्रत्येक यान ३० सेकंद ६५ डेसिबल आवाज करतं. तासाला एक यान आलं, तर तासाची सरासरी येते ४४. कागदावर एकदम शांत! तासाला वीस आली की सरासरी ५७. म्हणजे वीसपट वर्दळ, पण आकडा फक्त १३ ने वर. लॉगॅरिदमची ही गंमत आहे. रहिवाशाला मात्र सरासरी ऐकू येत नाही. त्याला दर तीन मिनिटांनी एक यान ऐकू येतं.

शिवाय आवाजाची जात असते. नासाच्या लँग्ली केंद्रात लोकांना ड्रोनचे आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकवले, तेव्हा सारख्याच पातळीला ड्रोन जास्त त्रासदायक वाटले (२०१७). ती भुणभुण कान सोडत नाही. (कॉन्व्हेंटवाल्याला 'भुणभुण' शब्द सुचला, याची मराठी विभागाने नोंद घ्यावी.) एअर टॅक्सी म्हणजे ड्रोन नव्हे हे खरं, पण नुसत्या डेसिबलवर भागत नाही एवढं त्यातून कळतं.

न्यूयॉर्कमध्ये जॉबीने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रात्यक्षिक दाखवलं, ते मॅनहॅटनच्या हेलिपोर्टवरून. हेलिकॉप्टरच्या आवाजाला तिथले रहिवासी आधीच वैतागलेले. एकेका हेलिकॉप्टरच्या जागी एकेक टॅक्सी आली तर त्यांचा फायदाच आहे. पण कंपन्यांचा धंदा चालायचा तर फेऱ्या भरपूर हव्यात, आणि तळ गर्दीच्या वस्तीत हवेत. वेळ वाचणार वरच्या चार प्रवाशांचा, आवाज मात्र खालच्या सगळ्यांना.

याचा परिणाम नुसत्या चिडचिडीपुरता नसतो. ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्पेनमधल्या विमानतळांजवळच्या शाळांत ९-१० वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला (२००५). ब्रिटनमध्ये विमानांचा आवाज ५ डेसिबलने वाढला की मुलं वाचनात साधारण दोन महिने मागे पडलेली दिसली. झोपेचं तर वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये विमानांच्या आवाजाची रात्रीची सरासरी ४० डेसिबलच्या खाली ठेवायला सांगितलं आहे. आणि विमानतळाची टॅक्सी लोकांना नेमकी पहाटेच्या फ्लाइटसाठी लागते.