प्रभावतीगुप्ता आणि घडणीचा प्रश्न
रामटेकजवळचं नगरधन म्हणजेच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असं अभ्यासक मानतात. दुसरा रुद्रसेन अकाली वारला, मुलं लहान होती, तेव्हा चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याची विधवा प्रभावतीगुप्ता हिनं इथून राज्य सांभाळलं. पुण्यात सापडलेल्या तिच्या ताम्रपटात वंशावळ आहे ती माहेरच्या गुप्तांची. लग्नानंतरही तिनं गोत्र वडिलांचंच लावलं. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची, शंख कोरलेली मातीची मुद्राही मिळाली. ती सम्राट चंद्रगुप्ताची लेक होती, तिची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे, आणि माझा मुद्दाही तोच आहे. तिचं शरीर चारचौघींसारखंच होतं. वेगळं होतं ते वडिलांचं बळ आणि रिकामं पडलेलं सिंहासन. कारभार कुणी करायचा, नाव कुणाचं लावायचं, हे परिस्थिती ठरवते.

पण म्हणून सगळंच परिस्थितीवर ढकलता येत नाही. कॅनडातल्या डेव्हिड रायमरचं लिंग 1966 मध्ये, तान्हेपणी सुंता करताना निकामी झालं. जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं त्याला मुलगी म्हणून वाढवलं. नाव मुलीचं, कपडे मुलीचे, पुढे संप्रेरकंही दिली, पण ते त्याच्या अंगवळणी पडलं नाही. खरी हकीकत कळल्यावर किशोरवयातच तो मुलगा म्हणून जगू लागला. एका मुलावरून सिद्धांत मांडू नये, कारण अशा इतर काहींनी मुलगी म्हणून राहणं स्वीकारलंही आहे. पण संगोपन मनात हवं ते लिंगभान रुजवू शकतं, हा मनीचा दावा रायमरपुढे टिकला नाही.

आकर्षणाच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. 2019 मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलैंगिकतेचं एकच जनुक त्यात सापडलं नाही. सर्वसाधारण जनुकीय फरकांनी मिळून समलिंगी वर्तनातल्या फरकाचा 8 ते 25 टक्के भाग स्पष्ट झाला. मग उरलेलं सगळं वळणाचं, आणि वळण बदलता येतं, असा निष्कर्ष काही जण लगेच काढतात. तो चूक आहे, कारण परिस्थिती आईच्या पोटापासूनच सुरू होते. एकाच आईच्या पोटी जितके थोरले भाऊ, तितकी धाकटा मुलगा समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढते. त्याच घरात वाढलेल्या सावत्र भावांमुळे ती वाढत नाही. गर्भारपणात आईच्या प्रतिकारशक्तीत होणारे बदल यामागे असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. डावखुरेपणही एका जनुकावर ठरत नाही, पण म्हणून ते कुणी निवडलेलं नसतं.

हे आता कायद्यालाही पटू लागलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. ‘लग्न लावून दिलं की होईल सरळ’ हा घरगुती इलाज मात्र कुठल्याच आयोगाच्या अखत्यारीत येत नाही, आणि त्यात दुसऱ्या घरच्या, काहीच माहीत नसलेल्या मुलीचं आयुष्यही ओढलं जातं.