श्रोत्यांची टाळी आणि लेखकाची निष्ठा

बाजारात ग्राहक राजा असतो, हे अर्थशास्त्रातील जुने गृहीत आहे. भाव न मिळाल्यास शेतकरी पुढच्या हंगामात पीक बदलतो आणि त्यात कोणी गैर मानीत नाही. परंतु हाच न्याय साहित्याला लावावा काय? वाचकांना रुचेल तेवढेच लेखकाने लिहावे, असे मानणारे पुष्कळ आहेत. मराठवाड्याचा अनुभव मात्र निराळा आहे.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला लिहिलेली पत्ररूप प्रस्तावना सर्वश्रुत आहे. शिवाजी महाराजांना अवतार मानून हात जोडणाऱ्या वाचकापुढे त्यांनी एक द्रष्टा राज्यकर्ता, हाडामांसाचा माणूस उभा केला. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’मधील लेखांत त्यांनी हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही जातीयवादांची परखड चिकित्सा केली. रझाकारांच्या आठवणी ताज्या असलेल्या प्रदेशात असे लिहिणे सोपे नव्हते. एका बाजूस नावे ठेवली असती तर दुसरीची टाळी हमखास मिळाली असती. तो सौदा त्यांनी केला नाही. १९८२ साली, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच ते गेले. त्यांची पुस्तके आजही वाचली जातात.

लातूर परिसरातील लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या जमातीच्या कपाळी समाजाने चोर हा शिक्का मारला, तिचे जिणे त्यांनी तिच्याच नावाने मांडले. दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) अशा आत्मकथनांवर दुहेरी आक्षेप येत राहिले. पांढरपेशा वाचकाने भाषेला नाक मुरडले, तर आपल्यापैकी काहींनी घरची अब्रू चव्हाट्यावर मांडल्याचा दोष दिला. दोहोंचे समाधान करू पाहणारा लेखक अखेरीस काहीच लिहू शकला नसता.

लहान गावात हा पेच अधिक बिकट होतो. महानगरातील वाचक लेखकास अनोळखी असतो. नांदेड-लातुरात तोच सहकारी, शेजारी, सोयरा असतो. लेख छापून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो चहाच्या टपरीवर गाठतो. येथे लेखणीला आवर घालण्यास सरकारी बंदीची गरज पडत नाही, चार ओळखीच्या माणसांचा अबोला पुरतो.

म्हणून वाचकाचे काहीच ऐकू नये काय? तसे नव्हे. तपशील चुकला, दाखला खोटा ठरला, तर लेखकाने तो मुकाट्याने दुरुस्त करावा. तेथे वाचक हा परीक्षक आहे. पण आक्षेप केवळ रुचीचा वा दुखावलेल्या अभिमानाचा असेल, तर तेवढ्यासाठी शब्द मागे घेण्याचे कारण नाही. पुण्यात डिसेंबर १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग १९ प्रयोगांनंतर संस्थेने थांबविले. कलावंतांनी थिएटर अकादमी स्थापून ते पुन्हा उभे केले आणि १९८० साली ते युरोपात गेले. मूळ नाटक सौम्य करून घेतले असते, तर हा प्रवास घडला असता काय?

प्रत्येक उपेक्षित लेखक थोर असतो, असा याचा अर्थ नाही. हट्ट आणि निष्ठा यांत अंतर आहे. आपले लिखाण पुनःपुन्हा तपासण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच आग्रहास निष्ठा म्हणता येईल. आजच्या टाळीवर उद्याचा वाचक मिळत नाही, एवढे तरुण लेखकांनी ध्यानी ठेवावे.