पायाखालचा दगड, भाग ५ : काळ्या कातळाच्या तळाशी

साताऱ्यात विहीर खणा नाहीतर सांगलीकडे बोअर मारा, माती संपली की काळा कातळच लागतो. गेल्या आठवड्यात त्या लाव्हाच्या थरांबद्दल बोललो. ते थर खाली नेमके कुठे संपतात, हे कळलं कोयनेच्या भूकंपांचा माग काढताना. कोयनानगरजवळ रासाटीला बेसाल्ट ९३३ मीटरवर संपला, तर गोठण्याच्या तीन किलोमीटर खोल बोअरमध्ये १,२४७ मीटरवर. आकड्यांतला हा फरक वरच्या डोंगराच्या उंचीचा. खालचा तळ बराचसा सपाट आहे.

बेसाल्टखाली आधी वाळूचा, गाळाचा एखादा थर लागावा, ही अपेक्षा रास्त होती. रासाटीला तो निघालाच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थेट सुमारे २७० कोटी वर्षं जुन्या ग्रॅनाइटी दगडावर बसलेला! मधल्या काळात इथे जे काही साचलं असेल, ते लाव्हा येण्याआधीच झिजून, वाहून गेलेलं.

बोअरमधून काढलेले दगडाचे दंडगोल कराडजवळ हजारमाचीला, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत जपून ठेवले आहेत. असा दगड पाण्याने ओला केला की पट्टे उठून दिसतात. पांढरट-गुलाबी पट्ट्यात गारगोटी आणि फेल्डस्पार. काळ्या पट्ट्यात काळं अभ्रक आणि हॉर्नब्लेंड. काही ठिकाणी पट्टे सरळ न जाता वळ्या पडून एकमेकांत घुसलेले असतात, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. जमिनीखाली बऱ्याच खोलवर, थोडंसं पाणी असताना, तापमान ७०० अंशांच्या आसपास गेलं की असा दगड वितळू लागतो. पण सगळा नाही. गारगोटी आणि फेल्डस्पार आधी पाझरतात, काळी खनिजं मागे राहतात. म्हणजे हा दगड अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला आहे.

रसायनशास्त्र याच्याही मागे जातं. या जातीच्या आदिम दगडांत पोटॅशियमपेक्षा सोडियम जास्त, स्ट्रॉन्शियम भरपूर आणि इट्रियम अगदी कमी सापडतं. इट्रियमला गार्नेट धरून ठेवतं. त्यामुळे ज्या मूळ दगडातून हा रस निघाला, त्यात गार्नेट मागे उरलं होतं आणि तो बराच खोलवर वितळला होता, असा हिशेब लागतो. गंमत म्हणजे तो मूळ दगडही बहुधा बेसाल्टच! वय सांगतो तो झिरकॉन : वाळूच्या कणाएवढा, पण त्याच्या आतल्या युरेनियमचं शिसं होण्याचं घड्याळ एवढ्या भट्टीतही सहसा पुसलं जात नाही.

हे सगळं शिलाविज्ञानाच्या हौसेपुरतं राहिलं असतं. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ क्षमतेचा भूकंप झाला तो याच दगडात; पुढे वारणेचं धरण भरू लागल्यावर धक्के दक्षिणेला, शिराळ्यातल्या चांदोलीच्या बाजूला सरकले, तेही याच दगडात. वरचा बेसाल्ट नुसता हादरतो. खालच्या दगडातल्या भेगांत अभ्रकाचं हिरवट क्लोराइट झालेलं दिसतं, कुठे पिस्त्याच्या रंगाचं एपिडोट, कुठे कॅल्साइटची पांढरी शीर. या भेगांतून गरम पाणी फिरलं होतं, त्याच्या या खुणा. क्लोराइट निसरडं असतं. ते ज्या भेगेत आहे ती भेग घसरायला सोपी.

पुढच्या आठवड्यात किल्लारी. तिथे बेसाल्ट अवघा ३३८ मीटर, आणि खालचा दगड इथल्याहूनही जास्त भाजून निघालेला.