चौघांचा मसालेभात वीस जणांसाठी केला की का बिघडतो? घरच्या झटपट बेतांमागचं साधं गणित

बुधवारची रात्र. घड्याळात आठ वाजून गेलेत, ऑफिसमधून यायलाच उशीर झालाय, मुलांना भूक लागलीय आणि फ्रीजमध्ये दोन वांगी आणि अर्धी जुडी कोथिंबीर आहे. हात आपोआप फोनकडे जातो. ऑर्डर करायचं का?

आता दुसरा प्रसंग. रविवारी घरात वाढदिवस आहे. आत्या, मावशी, चुलतभावंडं मिळून वीस जण. "एवढ्यांना बाहेरून कशाला मागवायचं, मसालेभात करू की!" असं कोणीतरी म्हणतं. चार जणांचं प्रमाण पाठ असतंच, त्याला पाचने गुणलं की झालं. पण प्रत्यक्षात भात खाली लगदा होतो, वर कच्चा राहतो आणि पाहुणे आले तरी यजमानीण स्वयंपाकघरातच असते.

या दोन्ही प्रसंगांत अडचण पाककृतीची नसते, गणिताची असते. ते गणित एकदा लक्षात आलं की रोजचा स्वयंपाकही सोपा होतो आणि पाहुण्यांचाही.

आधी रोजच्या रात्रीचं बघा

महाराष्ट्रातल्या घरांनी 'वन पॉट मील' हा शब्द ऐकला त्याच्या कितीतरी आधीपासून वरणफळं होती. कुठे त्यांना चकोल्या म्हणतात, तर शेजारच्या गुजरातेत याच्याच जवळचा पदार्थ दाल ढोकळी म्हणून ओळखला जातो. वरण आणि पोळी एकाच पातेल्यात शिजते, त्यामुळे पोळ्या लाटून भाजत बसायचा वेळ वाचतो.

चौघांसाठी प्रमाण असं: एक वाटी तूरडाळ कुकरमध्ये शिजवून घोटून घ्यायची. दोन वाट्या कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ आणि चमचाभर तेल घालून घट्ट भिजवायची. पातेल्यात मोहरी, जिरं, हिंग, लसूण, कढीपत्त्याची फोडणी करून त्यात डाळ, पाच-सहा वाट्या पाणी, दोन-तीन आमसुलं, गुळाचा खडा, मीठ आणि गोडा मसाला घालायचा. खळखळून उकळी आली की लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून थोडे थोडे सोडायचे. आठ-दहा मिनिटांत ते शिजतात. वरून तूप घातलं की जेवण तयार.

यात दोनच गोष्टी चुकतात. पहिली, वरण सुरुवातीलाच दाट ठेवलं जातं. कणकेतला स्टार्च उकळताना पाणी शोषतो आणि वरण आणखी घट्ट होतं, म्हणून सुरुवातीला ते नेहमीपेक्षा पातळच हवं. दुसरी, सगळे तुकडे एकदम टाकले जातात. त्यामुळे उकळी बसते आणि कच्ची कणीक एकमेकांना चिकटून गोळा होते.

पिठल्यात गुठळ्या का होतात?

दुसरा हमखास उपाय म्हणजे पिठलं-भात. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि फोडणी एवढंच लागतं. भात कुकरमध्ये असतानाच पिठलं होऊन जातं.

गुठळ्यांचं कारण सोपं आहे. कोरडं बेसन थेट उकळत्या पाण्यात पडलं की गोळ्याच्या बाहेरच्या बाजूचा स्टार्च लगेच फुगतो आणि त्याचा चिकट थर तयार होतो. मग आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोहोचतच नाही. म्हणून बेसन आधी एक वाटी गार पाण्यात नीट कालवायचं, उरलेलं पाणी फोडणीत उकळायचं आणि मग हे कालवण ढवळत ओतायचं. नंतर झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजू द्यायचं, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. पीठ थेट उकळीत सोडून सरसर हाटणारे अनुभवी हात घरोघरी आहेत, पण नवख्यांसाठी गार पाण्याची पद्धत खात्रीची.

तिसरा पर्याय मुगाच्या खिचडीचा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेतीन-चार वाट्या पाणी आणि घरात असेल ती भाजी. खिचडीला आजाऱ्याचं जेवण म्हणून नाक मुरडलं जातं, पण पोषणाच्या दृष्टीने ही जोडी पक्की आहे. तांदळातल्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मिथिओनिन कमी असतं, ते तांदूळ भरून काढतो.

या तिन्ही पदार्थांचा वेळ वाचवतो तो कुकर. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली जाऊन दाब वाढतो आणि पाण्याचं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. ती अर्धा तास भिजवली तर शिट्ट्या आणखी कमी लागतात. मात्र कुकर कधीच दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि डाळी थेट कुकरमध्ये शिजवताना अर्ध्यापर्यंतच भरावा. डाळीचा फेस वाफेच्या वाटेत अडकला तर ते धोक्याचं ठरतं.

आता वीस जणांचा मसालेभात

वाटी आणि चमचा ही मापं मराठी घरांत रुजली, त्यात १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पण ही प्रमाणं लहान कुटुंबाला धरून असतात. माणसं वाढली की सगळ्याच गोष्टी सारख्या पटीत वाढत नाहीत.

चौघांसाठी दोन वाट्या तांदूळ, म्हणजे साधारण पाव किलो. वीस जणांसाठी दहा वाट्या, म्हणजे सव्वा किलो. इथपर्यंत गुणाकार बरोबर आहे. सोबत पोळ्या किंवा पुऱ्या असतील तर एक किलोत भागतं.

गडबड पाण्यापाशी होते. दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी लागतं, पण ते सगळं तांदूळ पीत नाही. बरंचसं पाणी वाफ होऊन उडून जातं. किती उडेल हे पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर आणि आचेवर अवलंबून असतं. तांदूळ पाचपट झाला म्हणून पातेल्याचं तोंड पाचपट रुंद होत नाही. म्हणजे मोठ्या भांड्यात तुलनेने कमी पाणी उडतं आणि जास्तीचं पाणी भाताचा लगदा करतं. म्हणून दहा वाट्या धुऊन निथळलेल्या तांदळाला वीस वाट्यांऐवजी सतरा-अठरा वाट्या गरम पाण्याने सुरुवात करावी आणि दोन वाट्या उकळतं पाणी बाजूला ठेवावं. लागलं तर वरून शिंपडता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. तांदूळ जुना असेल तर तो पाणी थोडं जास्त घेतो.

दुसरी गडबड वेळेची. त्याच शेगडीवर पाचपट पाणी उकळायला जवळपास पाचपट वेळ लागतो. त्यामुळे फोडणीत गार पाणी ओतलं तर तांदूळ नुसताच भिजत राहतो. दुसऱ्या शेगडीवर पाणी आधीच उकळून ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

तिसरी गडबड भांड्याची. तांदूळ शिजून साधारण तिप्पट होतो, त्यात तोंडली, वांगी, मटार. म्हणजे सात-आठ लिटरचं रुंद, जाड बुडाचं पातेलं हवं. उंच आणि अरुंद डब्यात भाताचा थर जाड होतो, खालच्या भातावर वरचा भार येतो आणि तो चेपतो. एवढं मोठं भांडं नसेल तर दोन पातेल्यांत दोनदा करणं केव्हाही बरं. पाणी आटत आलं की खाली तवा सरकवावा, झाकण घट्ट ठेवावं आणि ढवळण्याचा मोह टाळावा.

तिखट, लवंग, दालचिनी यांच्या बाबतीत आधी तीन चतुर्थांशच घालावं आणि उकळत्या पाण्याची चव बघावी. ते पाणी किंचित खारट आणि झणझणीत लागलं की भात बेताचा लागतो. गोडा मसाला वरून थोडा भुरभुरता येतो. ओलं खोबरं, कोथिंबीर आणि तूप वाढतानाच.

सोबत काय?

पाहुण्यांच्या बेताचा एक साधा नियम: एक पदार्थ गरम, दोन गार आणि एक विकतचा. मसालेभात गरम, मठ्ठा आणि कोशिंबीर गार, जिलबी विकतची. पापड भाजायचं काम मुलांकडे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी शेवटी घालावं, कारण मीठ काकडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि तासाभरात कोशिंबिरीचं सार होतं.

उरलेल्या भाताचं काय?

सगळ्यात कमी लक्ष जातं ते इथे. जेवणं दोनला होतात, गप्पा सहापर्यंत चालतात आणि भात तोवर ओट्यावरच असतो. रात्री तोच गरम करून वाढला जातो.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यावरही टिकतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणजे वाफाळता भात सुरक्षित असेलच असं नाही. वासावरूनही ते कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ खोलीच्या तापमानाला ठेवू नये. एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवावं, नाहीतर पाच अंशांच्या खाली गार करावं. घरात याचा अर्थ इतकाच: पहिली पंगत उठली की उरलेला भात परातीत किंवा ताटांत पसरून वाफ जाऊ द्यावी आणि लहान डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावा. मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भात कितीतरी वेळ कोमटच राहतो. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करताना तो आतपर्यंत नीट गरम व्हायला हवा.

आणि शेवटचा घटक

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरातली विनामोबदला कामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, तर अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. पावणेपाच तासांहून जास्त विरुद्ध दीड तासालाही दोन मिनिटं कमी. त्यामुळे 'सोपी रेसिपी' कोणासाठी सोपी, हाही प्रश्न आहेच.

वीस जणांच्या मसालेभातात तोंडली चिरणं, मटार सोलणं, पाणी उकळणं, मठ्ठा घुसळणं, भात पसरून डब्यांत भरणं ही पाच वेगळी कामं आहेत. त्यातल्या एकालाही अनुभव लागत नाही. पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर "किती वाजता यायचं?" असं कोणी विचारलं, तर उत्तरात वेळेबरोबर एक कामही कळवून टाकावं. मग पहिल्या पंगतीत यजमानीणही बसू शकेल.